एर्मेलिंदाच्या घराचं कोपर

बस अडकली की फोन मला येतो.
मी गावचा सरपंच; सूप तसंच टाकून
उतारावरून धावत सुटतो,
आणि दरवेळी तेच:
काचेआड पन्नास माणसं, ड्रायव्हर घामाघूम,
आणि एर्मेलिंदाच्या घराचं दगडी कोपर
बसच्या बरगडीत.

हा कोपरा कुणी आखला नाही.
आधी घर होतं, मग बैलगाडी आली;
तिच्या आसानं घासून घासून
पाटीचा दगड कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत केला.
गाडी गेली, ट्रॅक्टर आला, तोही मावला.
कागदावर नियम पुष्कळ आहेत गावात,
पाळला गेला तो एवढाच:
इथून मावेल तेवढंच वर जाईल.

वर म्हणजे मळे,
दोरू नदीपासून आभाळापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले,
आणि आता पोर्तूहून आलेला एक नकाशा:
नव्वद खोल्या, पोहण्याचा तलाव,
'द्राक्षं तुडवण्याचा अनुभव', माणशी पस्तीस युरो.
माझ्या बापानं तो अनुभव तीस वर्षं घेतला,
रात्री चार-चार तास, मांडीपर्यंत गार रसात,
दोन सुके अंजीर आणि घोटभर ब्रँडीवर.

पण हसायची सोय नाही मला.
शाळेत चार मुलं उरलीत, त्यातली दोन बाईंचीच.
नेपाळहून तोडणीला आलेली सहा पोरं
गेल्या सप्टेंबरात बंबखान्यात झोपली,
कारण गावातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीला आता
नाव आहे, फोटो आहे, रात्रीचा भाव आहे.
ऑगस्टात विहीर तळ दाखवते.
आणि एर्मेलिंदाचा नातू तेल्मू
लक्झेंबर्गमधली गवंडीकामं सोडून परत आलाय;
त्याला त्याच हॉटेलात स्वैपाकी व्हायचंय.
हे सगळं एकाच कागदावर, एकाच सहीची वाट बघत.

बैठकीत इंजिनिअर म्हणाला, फक्त दीड मीटर.
भिंत दीड मीटर आत घ्या, विषय संपला.
तेल्मूनं हात वर केला,
आजीकडे न बघता.
अकरा हात वर, अकरा मांडीवर.
माझा उरला.

एर्मेलिंदा उठली. वय त्र्याऐंशी.
मला वाटलं आता शिव्या.
ती म्हणाली, "दीड मीटरात माझी चूल जाते.
जाऊ दे.
त्याच्या पुढे मग अडवणार कोण, तेवढं सांगा."
इंजिनिअरनं फाइल पुढून चाळली, मागून चाळली,
मग आम्हा सगळ्यांना कोपरापासून नमस्कार करून
शेवटचं वळण अंधारायच्या आत निघून गेला.

सकाळी ती कोपऱ्याशी उभी, हातात खडू.
दगडावर पंजा ताणून ठेवला,
करंगळीशी रेघ मारली
आणि अबीलियू गवंड्याला म्हणाली, "वीतभर.
लहान बस जाईल. मोठी खाली नदीवर थांबू दे.
पाय आहेत ना त्यांना?"

वितीवर मी सही केली.
नव्वद खोडून तीस लिहिलं;
कंपनीचं उत्तर यायचंय. कदाचित येणारही नाही.
तेल्मू आठवडाभर माझ्याशी बोलला नाही,
आणि विहिरीचं मी अजून काहीच केलेलं नाही.

छाटलेला दगड आतून निळा निघाला,
नुकताच भिजल्यासारखा.
बैलगाडीची ती गुळगुळीत जागा त्यातच गेली.
कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही.

काल पुन्हा फोन.
लहान बस, नवा ड्रायव्हर.
पोचलो तर एर्मेलिंदा खिडकीतून अर्धी बाहेर,
पिठाच्या हातानं त्याला दाखवत होती:
मागे, अजून मागे, आता वळव, हां...
बस सुटली.
निळ्या दगडावर एक ओरखडा राहिला,
कमरेएवढ्या उंचीवर.